गाडी लागणाऱ्या अक्कांची बस कंपनी

मला अक्कांनी उभं केलं. हे आधी लिहून टाकतो. कारण मी एकदा बोलायला लागलो की रस्त्याचं, खड्ड्यांचं, क्लचप्लेटचं सांगत बसतो आणि मुख्य माणूस मागच्या थांब्यावर राहून जातो. तसं व्हायला नको. आज मी सुरतेत आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं माझं गाव इथून इतकं लांब, की आईशी फोनवर बोलताना अजून माझा आवाज उगाच मोठा होतो. पण खोलीला खिडकी आहे, हाताखाली माणसं आहेत, आईच्या गोळ्या वेळेवर जातात, बहीण नर्सिंग शिकते. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे? हे सगळं एका बाईमुळे. त्यांचं खरं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. निम्मं जळगाव त्यांना अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणतो.

आता अक्कांचं पहिलं सांगण्यासारखं सांगतो. त्यांची बसगाड्यांची कंपनी, आणि त्यांना गाडी लागायची.

थोडीथोडकी नाही. इंजिनाने पहिली उचकी दिली की अक्कांचा चेहरा पांढरा. पाळधी येईपर्यंत कपाळावर घाम, आणि एरंडोलच्या अलीकडे क्लीनर धावत पिशवी घेऊन मागे. जळगावात मेहरूणच्या घरापुढे स्वतःच्या गाड्या ओळीने उभ्या असत, आणि ही बाई बाजाराला पायी निघायची. लोक चेष्टा करत, "अक्का, हलवायाला मधुमेह झाला तशी तुमची गत." त्यावर अक्का तयारच असायच्या. "मंग तोच मोजीसन साखर घालस ना रे! बाकीना नुसता ओतत ऱ्हातस."

कंपनीचं नाव चांदी. नव्या प्रवाशाला वाटतं, सोनंनाणं, श्रीमंती. तसं काही नाही. चांदी ही अक्कांची म्हैस होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. अक्का आणि आबा, म्हणजे त्यांचे यजमान, पारोळ्याजवळच्या गावचे. दुधावर घर चालायचं. दुधाचे कॅन न्यायला आबांनी एक जुनी मॅटाडोर घेतली. सकाळी दूध पोचलं की गाडी दिवसभर रिकामी. मग अक्कांनी फाट्यावर उभं राहून हाका मारायला सुरुवात केली. आसपासचे मजूर केळीच्या कटाईला रावेरला न्यायचे, लग्नाची वऱ्हाडं न्यायची, बाजाराच्या दिवशी बायका आणि कोंबड्या एकत्र न्यायच्या. मॅटाडोरमागे नाव लिहायची वेळ आली तेव्हा आबा म्हणाले देवाचं लिहू. अक्का म्हणाल्या, "देवनी नही लई दिन्ही गाडी. चांदीनी लई दिन्ही." पेंटरने चांदी म्हणून चकचकीत रंग लावला. अक्कांनी तो पुसायला लावला आणि म्हशीचं चित्र काढून घेतलं. पेंटरला म्हैस जमली नाही. तो प्राणी अस्वलासारखा दिसायचा. कित्येक वर्षं सुरत लाइनवर आमच्या गाडीला अस्वलवाली गाडी म्हणत.

मॅटाडोरची मिनीबस झाली, बिऱ्हाड जळगावला आलं, जळगाव-धुळे फेऱ्या सुरू झाल्या. मग मोठी बस आली, मग दुसरी, मग सुरत. सुरतेत खानदेशची माणसं किती, ते काय सांगायचं! साड्यांच्या कारखान्यांत अर्धी आमचीच. त्यांना गावी यायला गाडी हवी होती आणि अक्कांना गाडीत बसवायला माणसं. जमलं.

आता परीक्षेचं. आमच्या कंपनीत ड्रायव्हर ठेवायची एक पद्धत होती आणि ती जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. एका वऱ्हाडात अक्का नाइलाजाने मिनीबसमध्ये बसल्या. ड्रायव्हर नवा, अंगात रग. अमळनेरच्या रस्त्यावर त्याने गाडी अशी काही नाचवली, की अक्कांचं सकाळचं सगळं नवरदेवाच्या मामाच्या नव्याकोऱ्या सफारीवर गेलं. लग्नात मामा बनियनवर वावरले. रुसवे-फुगवे झाले, आबांना पाया पडावं लागलं. घरी आल्यावर अक्कांनी तोंड धुतलं आणि जाहीर केलं, "आजपशीन जो माले धुयालगून कोरडी लई जाई, तोच आपला डायवर." म्हणजे जळगाव ते धुळे अक्का गाडीत बसणार. तेही पुढे, वाऱ्याला नाही. शेवटच्या सीटवर, मागच्या चाकाच्या डोक्यावर. लिंबू हुंगायचं नाही, सुपारी चघळायची नाही. अक्का धुळ्याला उतरल्या आणि हातातली पिशवी रिकामी असली, की माणूस पास. लायसन, अनुभव, चिठ्ठी, ओळख, सगळं नंतर. किती तरी तालेवार ड्रायव्हर पारोळ्याच्या आधीच नापास होऊन उतरले. एकाने तर रागाने विचारलं, "हा काय इंटरव्ह्यू झाला?" अक्का पिशवीला गाठ मारत म्हणाल्या, "हाऊ बाकीनास्ना पोटना इंटरव्ह्यू शे, भाऊ. तू फक्त स्टेरिंग धरेल शे."

मी या परीक्षेला बसलो तेव्हा माझी अवस्था काय सांगू. माझी भीती ही मुळातलीच आहे. फाटकाची कडी लावली की नाही हे मी परत जाऊन बघतो, बघितल्यावर पुन्हा वाटतं नीट बघितलं का. वडील गेल्यावर शाळा सुटली, मी रावेरला केळीच्या ट्रॅक्टरवर लागलो. शेतातून घड पॅकिंगला न्यायचे. केळीला जरा दणका बसला की साल काळी पडते आणि मालक आपल्याला काळा-निळा करतो. त्यामुळे खड्डा दिसला की माझा पाय आपोआप उचलायचा. पुढे हेवी लायसन काढलं आणि जळगावला आलो. ही नोकरी लागली नाही तर परत गाव. गावात आमचं पावसावरचं रान, मोहफुलं आणि दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी. बहिणीची शाळा पण मग माझ्यासारखीच सुटणार. 

अक्का मागे जाऊन बसल्या. मी गाडी काढली. एरंडोल आलं, मागून आवाज नाही. पारोळा आलं, आवाज नाही. मी आरशात पाहिलं तर अक्कांची मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं. मी गाडी बाजूला घेतली, धावत मागे गेलो, हाक मारली, उत्तर नाही. मग मी पाण्याची अख्खी बाटली त्यांच्या तोंडावर ओतली.

अक्का ओरडत उठल्या. "अरे मुडद्या! मरनी नही शे मी! झोपेल व्हती!"

चालत्या गाडीत अक्कांना झोप लागली, ही गोष्ट कंपनीच्या इतिहासात घडली नव्हती. धुळ्याला त्या ओल्या लुगड्यानेच उतरल्या, कोरड्या काही उतरल्या नाहीत. पण पिशवी रिकामी होती. ऑफिसात फोन करून म्हणाल्या, "पास शे. पन त्याले पानीनी बाटली देऊ नका."

तेव्हापासून त्या मला भित्रा म्हणायला लागल्या. चारचौघात हाक मारायच्या, "ए भित्र्या, जेवना का?" मला लाज वाटायची. एकदा मी धीर करून म्हटलं, "अक्का, सगळ्यांसमोर भित्रा नका म्हणू." त्या ठेचा कुटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भ्यास तोच घर पोहचस रे. जो भ्यास नही, त्याना फोटोले हार ऱ्हास." खरं सांगायचं तर त्या हाकेची सवय लागली. आज कोणी मला भित्रा म्हणत नाही, तर चुकल्यासारखं वाटतं.

मेहरूणच्या त्या घरात खालची खोली ड्रायव्हर-क्लीनर लोकांची. वर अक्का, आबा आणि त्यांचा मुलगा प्रमोदभाऊ. जेवण सगळ्यांचं एकच. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी, हिवाळ्यात भरीत. अक्का वाढायच्या आणि वाढता वाढता चौकशी करायच्या. कोणाच्या बायकोला दिवस गेले, कोणाचा भाऊ दारू प्यायला लागला, सगळं त्यांना भाकरीबरोबर कळायचं. ज्याच्या घरी भांडण झालं असेल त्याला दुसऱ्या दिवशी गाडी मिळायची नाही. "आज तू गाडी धुई टाक. डोकं थंड व्हवू दे, मंग रस्तावर जाय." ड्रायव्हर चिडायचे, पण दुपारपर्यंत डोकं खरंच थंड व्हायचं. मला मात्र पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "तुनी माय कशी शे? तिले सांगं ना, की पोऱ्या जेवस वेळवर?" मी नाही सांगितलं म्हटल्यावर त्यांनी शेजारच्या दुकानातून गावी फोन लावायला लावला आणि आईशी स्वतः बोलल्या. दोघींच्या बोलीत बराच फरक. कोणाला किती कळलं देव जाणे. पण बोलून झाल्यावर दोघीही रडत होत्या.

आखाजीला अक्कांना चेव यायचा. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आपल्याकडे लेकीबाळींचा सण. सुरतेहून सगळ्या सासुरवाशिणी माहेरी निघालेल्या. अक्कांचा नियम असा, की त्या दिवसांत लेकीला फाट्यावर उतरवून द्यायचं नाही. गाडी गावात न्यायची. एकदा एका खेड्यात रस्ता इतका अरुंद, की माझी मोठी बस एका घराच्या ओट्याला टेकली आणि आत-बाहेर काही होईना. सगळं गाव जमलं. घरमालक शिव्या देणार तोच गाडीतून त्याची स्वतःचीच मुलगी उतरली, पोर कडेवर घेऊन. मग काय, आम्हाला पुरणपोळीचं जेवण. गाडीतल्या बाकीच्या बायका मात्र खोळंबल्या आणि त्यांनी ओट्यावर बसून आखाजीची गाणी सुरू केली. जळगावला किती उशिरा पोचलो ते विचारू नका. अक्का दारातच उभ्या. मी घाबरत सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पोळी कशी व्हती?"

पुढे आबा गेले. अक्कांनी काही दिवस खलबत्त्याला हात लावला नाही, मग पुन्हा ठेचा कुटायला लागल्या. पण कंपनीची सूत्रं प्रमोदभाऊंकडे आली. प्रमोदभाऊ पुण्याला इंजिनिअरिंग शिकलेले. माणूस सोन्यासारखा, हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. त्यांनी कंपनी खरंच वाढवली. एसी गाड्या आणल्या, मोबाइलवर तिकीट आणलं, गाडी कुठे आहे ते दाखवणारं यंत्र बसवलं. पुणे, इंदूर, नाशिक, गाड्या सगळीकडे धावायला लागल्या. म्हशीचं चित्र गेलं, त्या जागी पंखासारखं काहीतरी चंदेरी आलं. अक्कांनी ते निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हैसनं कान शे का हाई?" प्रमोदभाऊ हसले, पण परीक्षा बंद केली. वाढत्या कंपनीत प्रत्येक ड्रायव्हरसाठी आईला धुळ्याला पाठवायची कशी? त्यांचंही चूक नव्हतं.

माझी पंचाईत तिथून सुरू झाली. लोक आता मोबाइलवर तारे द्यायला लागले. माझ्या गाडीला तारे कमी. मी सुरत-जळगाव दिवसाची गाडी चालवायचो, आज जायचं, उद्या यायचं. कोंडाईबारीच्या घाटात मी वळणावळणाला गिअर बदलत, हॉर्न देत जायचो. दुसऱ्या कंपनीच्या गाड्या भुर्रकन निघून जायच्या. एकाने लिहिलं, 'ड्रायव्हर बैलगाडी से आया है.' दुसऱ्याने लिहिलं, 'लग्नाला निघालो होतो, बारशाला पोचलो.' क्लीनर मोठ्याने वाचून दाखवायचा आणि हसून लोळायचा. मी हसायचो आणि जेवण जायचं नाही. उशिरामुळे एका पोराची पुढची रेल्वे खरंच चुकली, तेव्हा मीच रात्रभर तळमळलो. वेगाने चालवू पाहिलं तर पाय दाबला जाईना.

शेवटी एक दिवस प्रमोदभाऊंनी ऑफिसात बोलावलं. अक्का कोपऱ्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. ऑफिस कितीही चकाचक झालं तरी तो कोपरा त्यांचाच.

"सुपडूभाऊ, वाईट वाटून घेऊ नका," प्रमोदभाऊ म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून तुम्ही गॅरेज बघा. सुरतेला एसीवर बबलू ड्रायव्हर आहेच."

गॅरेज म्हणजे पगार निम्मा. गॅरेज म्हणजे बहिणीचं नर्सिंग गेलं. मी मान हलवली. 

"गॅरेजमा हाऊ काय करी?" कोपऱ्यातून आवाज आला. "बोल्ट ढिला ऱ्हायना का, म्हनीसन दिवसभर तोच तपासत बठी."

"आई, याची गाडी रोज उशिरा पोचते. लोक दुसरीकडे जातायत."

"खरं शे. उशीर बी पापच शे." अक्कांनी शेंग फोडली. "पन तू माले सांग, तू कधी बठना का आपली गाडीमा?"

"मी? माझी कार आहे ना."

"तेच म्हनस मी. शेवटनी सीटवर बठना का कधी?"

"मी कशाला बसू शेवटच्या सीटवर?"

अक्का शेंगांची टरफलं पदरात घेऊन उठल्या. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सुरतेला गाडी नेताना मी प्रत्येक थांब्याचा मनातल्या मनात निरोप घेतला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी परत येत होतो. नवापूरजवळच्या हॉटेलासमोर आमची गाडी जेवायला थांबते. तिथे रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या मांडलेल्या, आणि त्यांवर दोन माणसं डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून बसलेली. एक अक्का. दुसरे आमचे मालक प्रमोदभाऊ. दोघांचे चेहरे सारखेच पांढरेफटक. अक्का, ज्या धुळ्याच्या पुढे गाडीने कधी गेल्या नव्हत्या, त्या नवापूरला! माझ्या मनात आलं, मला रस्त्यातच उतरवायला आलेत. मी गाडी थांबवली, चावी काढली आणि हातात धरून उभा राहिलो, मागितली की द्यायला.

कोणी चावी मागितली नाही. हॉटेलवाल्याने काय घडलं ते सांगितलं. सकाळी अक्कांनी मुलाला हट्टाने बबलूच्या एसी गाडीत घातलं होतं, शेवटच्या सीटवर, आणि स्वतः शेजारी बसल्या होत्या. धुळ्यापर्यंत अक्कांचं झालं. घाटात प्रमोदभाऊंचं सुरू झालं. आयुष्यभर स्वतः गाडी चालवणाऱ्या माणसाला कसं कळणार, की आईचं पोट आपल्यात उतरलंय? वेळेत मात्र पोचले होते, अगदी मिनिटाला मिनिट. दोघांना नवापूरला उतरवून बबलू पुढे निघून गेला होता. त्याला सुरत गाठायची होती.

"काय बघस?" अक्का मला म्हणाल्या. "आमले घर लई चाल."

मी म्हटलं, "अक्का, पुढे बसा, वाऱ्याला."

"नही. जठे बठनूत, तठेच बठसूत." आणि मुलाचा दंड धरून त्या मागे गेल्या. दोन पोरांनी उठून त्यांना शेवटची सीट दिली.

तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. माझ्या मागे पूर्ण गाडी होती, पण मला आरशात फक्त दोन टॉवेल दिसत होते. साक्रीच्या पुढे रस्त्याचं काम निघालेलं, खडी पसरलेली. मी इतका हळू चाललो, की एक सायकलवाला शेजारून गप्पा मारत गेला. गाडीत कुरबुर सुरू झाली. एक जण ओरडला, "ओ भाऊ, बैल बदला आता!" आणि मागून, थेट शेवटच्या सीटवरून, प्रमोदभाऊंचा आवाज आला, "बसा हो. पोचतोय ना आपण."

कुसुंब्याला भजीवाला चढला. नेहमीसारखा ओरडत मागपर्यंत गेला आणि उतरला. मी गाडी काढली. थोड्या वेळाने मागून ऐकू आलं, "आई, अजून आहेत का?"

प्रमोदभाऊ भजी खात होते. चालत्या गाडीत, शेवटच्या सीटवर, सकाळपासून ज्यांच्या पोटात पाणी ठरलं नव्हतं ते. त्यांनी पुडा संपवला, कागदाला बोटं पुसली आणि डोकं खिडकीला टेकलं. मी आरशातून नजर काढली आणि रस्त्याकडे पाहिलं. रस्ता जरासा धूसर दिसत होता. डोळे पुसायला एक हात सोडावा लागला असता, तो मी सोडला नाही.

जळगावला उशीर झालाच. प्रमोदभाऊ उतरले आणि थेट घरी गेले. मी सगळी रात्र जागा. सकाळी त्यांनी बोलावलं. अक्का कोपऱ्यात होत्याच.

"बबलू किती वाजता निघतो आणि तुम्ही किती वाजता, ते दोन्ही मी बघितलं," प्रमोदभाऊ म्हणाले. "लोकांना वेळेवर पोचायचंय, हे मी अजूनही म्हणतो. आपण असं करू. दिवसाच्या गाड्या सगळ्या लवकर सोडू. आणि पोचायची वेळ खरी लिहू."

कोपऱ्यातून ताबडतोब आलं, "मी कव्हापशीन सांगी राह्यनू! घाई करानी व्हई तर घरमा करा, रस्तावर नही."

"आणि गॅरेज?" मी विचारलं.

"कसलं गॅरेज?" प्रमोदभाऊ म्हणाले. "गाडी लावा जाऊन."

तर असं झालं. लवकर निघायचं म्हणून काही प्रवासी कुरकुरले, काही सोडून गेले, ते खरंच. पण म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, ज्यांना गाडी लागते असे सगळे आमच्याकडे आले, आणि असे लोक जगात भरपूर आहेत हे प्रमोदभाऊंना अनुभवानेच कळलं होतं. दिवसाच्या गाड्या वाढल्या. सुरतेच्या टोकाला भरवशाचा माणूस हवा झाला. नव्या ड्रायव्हरांना हाताखाली घेणारा, त्यांच्या गाडीत शेवटच्या सीटवर बसून येणारा. प्रमोदभाऊंनी माझं नाव सांगितलं.

मी घाबरलो, हे काय सांगायला पाहिजे? परका मुलूख, गुजराती बोली, माणसांवर हुकूम चालवायचा. मी अक्कांकडे गेलो आणि म्हटलं, मला नाही जमायचं, दुसरा कोणी पाठवा. अक्कांचे गुडघे तेव्हा धरले होते, त्या बाजेवर बसून होत्या. मला वाटलं रागावतील. त्यांनी माझा हात धरला, त्यांचा हात ठेच्याच्या वासाचा. म्हणाल्या, "भ्यानं व्हई तर भ्या. पन जाय."

निघताना कळण्याचं पीठ, ठेच्याची बरणी, वाळवलेल्या शेंगोळ्या, सगळं बांधून दिलं. गाडीपर्यंत काही आल्या नाहीत, गुडघ्यांमुळे. दारात खुर्ची टाकून बसल्या. मी पाया पडलो तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, "सुपडू, समुद्र कसा ऱ्हास रे?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला नावाने हाक मारली होती. मी म्हटलं, मी पण नाही बघितला.

"आपली तापी तठेच जास ना? सुरतले?" त्या म्हणाल्या. "इतला वरीस देखी राह्यनू तिले जाताना. कोठे जास, ते नही देखं."

अक्का, तुम्हाला कोणीतरी हे वाचून दाखवेल म्हणून लिहितो. सुरतेजवळ डुमसच्या अंगाला मी जाऊन आलोय. तापी समुद्राला मिळते ती बाजू मी नीट बघून ठेवली आहे. गाडी कुठपर्यंत जाते, पुढे चालायला किती आहे, सावली कुठे, टेकायला जागा कुठे, तुमच्या गुडघ्यांना वाळूत झेपेल का, सगळं दोनदा तपासलं. तुम्ही माझ्यासाठी जे केलं त्याची परतफेड व्हायची नाही, हे मला कळतं. पण एवढं मी करणार आहे. जळगावहून मी स्वतः गाडी काढीन, खिडक्या उघड्या ठेवीन, तुम्ही म्हणाल तिथे थांबेन. एका दिवसात नाही झालं तर साक्रीला मुक्काम करू, नवापूरला करू. तुम्ही फक्त गुडघे सांभाळा. मी न्यायला येतो.